पहिल्या आकडीमागची गोळी

विशी-तिशीतल्या, आजवर धडधाकट असलेल्या माणसाला अचानक आकडी येते, तेव्हा रुग्णालयात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. लहानपणी तापात कधी फिट आली होती का? डोक्याला मार लागला होता का? घरात कुणाला अपस्मार आहे का? दारू पितो का, आणि एक-दोन दिवसांत ती अचानक सोडली आहे का? हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. सीटी स्कॅन होतो, ईईजी म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख काढला जातो, रक्तातील साखर आणि क्षार तपासले जातात. कधी कधी हे सगळे अहवाल स्वच्छ येतात आणि कारण मात्र हाती लागत नाही. तिथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा असतो. हा माणूस अंगदुखीसाठी, कंबरेसाठी किंवा नुसती तरतरी येते म्हणून कोणती गोळी घेतो, आणि दिवसाला किती घेतो?

या प्रश्नाला आधार आहे. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या घटकांसारखे काम करणारी वेदनाशामके, आणि आकडी यांचा संबंध वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून माहीत आहे. सर्वसामान्य वाचकापर्यंत तो फारसा पोचलेला नाही. ओपिऑइडचे दोन धोके लोकांनी ऐकलेले असतात: सवय लागते, आणि जास्त मात्रा झाली तर श्वास मंदावून मृत्यू येतो. तिसरा धोका मेंदूतील विजेच्या उसळीचा आहे. तो या वर्गातल्या सर्व औषधांत सारखा नाही, आणि नेमक्या या फरकामुळेच तो नजरेतून सुटतो.

आधी आकडी म्हणजे काय ते पाहू. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना विद्युत-रासायनिक संदेश देत असतात. ग्लुटामेट नावाचे रसायन पेशींना उत्तेजित करते, तर गाबा नावाचे रसायन त्यांना आवरते. बैलजोडीला पराणी आणि कासरा दोन्ही लागतात, तसाच हा समतोल असतो. उत्तेजना फार वाढली किंवा आवर फार सैल झाला, की असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात संदेश सोडू लागतात. मग शुद्ध हरपते, अंग ताठ होते आणि हातपाय झटके देऊ लागतात. प्रत्येक मेंदूची अशी एक सहनमर्यादा असते. अपस्मार असलेल्यांची ती खाली असते. मात्र पुरेसे कारण मिळाले तर ती कुणाचीही ओलांडली जाऊ शकते. ताप, साखर अतिशय कमी होणे, झोपेचा अभाव आणि काही औषधे ही मर्यादा खाली आणतात.

ओपिऑइडमुळे आकडी येण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. पहिला अप्रत्यक्ष आहे. मात्रा फार झाली की श्वास मंदावतो, मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो आणि त्या उपासमारीत आकडी येते. हे कोणत्याही ओपिऑइडने होऊ शकते. दुसरा मार्ग थेट आहे. काही औषधे स्वतः, किंवा यकृतात त्यांचे विघटन होऊन तयार होणारी उपद्रव्ये, मेंदूला चेतवतात. नेहमीच्या मात्रेतल्या मॉर्फीनने आकडी येणे विरळा. पेथिडिन, डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन आणि ट्रामाडॉल या तीन औषधांत मात्र हा थेट मार्ग ठळक आहे.

पेथिडिनची कथा सर्वांत जुनी. 1930 च्या दशकाअखेर जर्मनीत पोटातील पेटक्यांवर औषध शोधताना ते हाती लागले आणि नंतर प्रसूतीच्या व शस्त्रक्रियेच्या वेदनांसाठी जगभर वापरले गेले. शरीरात त्याचे नॉरपेथिडिन नावाचे उपद्रव्य बनते. मूळ औषध काही तासांत ओसरते, उपद्रव्य मात्र त्याच्या कित्येक पट वेळ टिकते आणि मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. वारंवार इंजेक्शने दिली किंवा मूत्रपिंड दुबळे असेल, तर ते साचत जाते. आधी रुग्ण अस्वस्थ होतो, मग स्नायू फुरफुरतात आणि शेवटी आकडी येते. म्हणूनच दीर्घकाळच्या वेदनेसाठी पेथिडिन आता टाळले जाते.

डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. ‘प्रॉक्सिव्हॉन’ आणि ‘स्पास्मो-प्रॉक्सिव्हॉन’ ही नावे एका पिढीला ठाऊक असतील. मिझोराम, मणिपूरसारख्या राज्यांत या कॅप्सूलमधली पूड पाण्यात मिसळून शिरेत टोचून घेतली जात असे, आणि त्यातून गळवे झाली, हातपाय गमावले गेले, जीवही गेले. या औषधाच्या अतिमात्रेत आकडीबरोबर हृदयाची लयही बिघडते. ब्रिटनने त्याचे पॅरासिटामॉलबरोबरचे मिश्रण मागे घेण्याचा निर्णय 2005 मध्ये घेतला, अमेरिकेने 2010 मध्ये ते बाजारातून काढले आणि भारत सरकारने 2013 च्या मे महिन्यात बंदी घातली. त्यानंतर रिकामी झालेली जागा मोठ्या प्रमाणात ट्रामाडॉलने भरली, आणि आज काळजी करायची ती याच औषधाची.

ट्रामाडॉल जर्मनीतील ग्रुनेनथाल कंपनीने 1962 मध्ये तयार केले आणि 1977 मध्ये बाजारात आणले. मॉर्फीनपेक्षा सौम्य, श्वासावर कमी परिणाम करणारे आणि सवय फारशी न लावणारे औषध अशी त्याची ख्याती झाली. अमेरिकेत ते 1995 मध्ये आले तेव्हा अमली पदार्थांच्या यादीत नव्हते. त्या यादीत ते गेले 2014 मध्ये. मधल्या जवळजवळ दोन दशकांत ‘सौम्य’ हे विशेषण जगभरच्या डॉक्टरांच्या, औषधविक्रेत्यांच्या आणि रुग्णांच्या मनात पक्के बसले.

हे औषध दोन कामे एकदम करते. यकृतातील सीवायपी-2डी6 नावाचे विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवणारे प्रथिन, ट्रामाडॉलचे ओ-डेसमिथाइल ट्रामाडॉलमध्ये रूपांतर करते. अफूसारखा जो परिणाम होतो तो मुख्यतः या रूपांतरित द्रव्याचा. मूळ ट्रामाडॉल वेगळेच काम करत असते. चेतापेशींनी सोडलेली सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायने पुन्हा आत खेचली जाऊ नयेत, अशी व्यवस्था ते करते. नैराश्यावरची कित्येक औषधे याच पद्धतीने काम करतात. त्यामुळे वेदना दोन बाजूंनी दबते, आणि सोबत मनाला थोडी उभारीही येते.

या उभारीतच आकडीचे बीज आहे. मेंदूत सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन प्रमाणाबाहेर वाढले की सहनमर्यादा खाली येते. शिवाय मोठ्या मात्रेत ट्रामाडॉल गाबाच्या आवरण्याच्या कामात अडथळा आणते, असे प्रयोगांत दिसले आहे. यातील कोणत्या मार्गाचा वाटा किती, यावर संशोधकांचे अद्याप एकमत नाही. एक गोष्ट मात्र बोलकी आहे. ओपिऑइडच्या अतिमात्रेवर नालॉक्सोन हा खात्रीचा उतारा मानला जातो, कारण ते अफूसारखा परिणाम पुसून टाकते. ट्रामाडॉलच्या आकडीवर ते उपयोगी पडत नाही. उलट अतिमात्रा झालेल्या रुग्णात त्याने आकडीची शक्यता वाढू शकते, असा इशारा औषधाच्या अमेरिकी माहितीपत्रकातच दिलेला आहे. श्वास थांबत असेल तर नालॉक्सोन द्यावेच लागते, पण पुढे काय होऊ शकते याची तयारी ठेवून. अशी आकडी थांबवण्यासाठी मिडाझोलाम किंवा लोराझेपामसारखी, गाबाला बळ देणारी औषधे वापरतात.

प्रौढांसाठी ट्रामाडॉलची कमाल मात्रा दिवसाला 400 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांसाठी ती 300 आहे. मात्रा वाढते तसा आकडीचा धोका वाढतो, पण काही रुग्णांना ठरलेल्या मात्रेतही आकडी आलेली आहे. सवय लागलेला माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो, कारण शरीर सरावते आणि कालची मात्रा आज पुरत नाही. आकडी बहुतेक वेळा गोळ्या घेतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत येते. ती संपूर्ण शरीराची असते आणि बऱ्याचदा एकदाच येऊन थांबते. इराणमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून हे इतके आढळू लागले की तेहरानच्या लोकमान हकीम रुग्णालयातील विषबाधा विभागातून त्यावर शोधनिबंधांची मालिकाच आली. त्यात तरुण पुरुषांची संख्या मोठी होती.

सोबत दुसरे औषध असेल तर धोका गुणाकाराने वाढतो. नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन घेणाऱ्या रुग्णाला पाठदुखीसाठी ट्रामाडॉल दिले गेले, असे समजा. ही औषधे सेरोटोनिन वाढवतात, म्हणजे दोन्ही औषधांचा जोर एकाच दिशेने लागतो. त्याशिवाय ती सीवायपी-2डी6 या विकराला रोखतात. मग ट्रामाडॉलचे रूपांतर अडते, वेदना कमी होत नाही आणि आकडी आणू शकणारे मूळ औषध रक्तात साचत राहते. दुखणे थांबत नाही म्हणून रुग्ण आणखी एक गोळी घेतो. एकाच रुग्णाच्या दोन डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नसणे ही आपल्याकडे नित्याची बाब आहे. त्यामुळे इथे दोष एकट्या रुग्णाच्या माथी मारता येणार नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘गोळी सोडली म्हणून फिट आली’ असे घरचे लोक सांगतात आणि भीतीपोटी पुन्हा गोळी आणून देतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्याने आकडी येते, हे खरे आहे. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून कुप्रसिद्ध झालेली अल्प्राझोलामची गोळी याच प्रकारातली. ती गाबाला बळ देते, आणि ती एकाएकी तोडली की मेंदू आवराविना उधळतो. प्रौढांत ओपिऑइड सोडल्याने अंग मोडते, जुलाब होतात, झोप उडते, जीव नकोसा होतो, पण सहसा आकडी येत नाही. ट्रामाडॉलची आकडी मुख्यतः घेतल्यामुळे येते. नशेच्या बाजारात ही दोन्ही औषधे एकाच खिशात सापडतात. म्हणून कोणते घेतले आणि कोणते सोडले, हे दोन्ही विचारावे लागते. उपचाराची दिशा त्यावरच ठरते.

मग ही गोळी लोक का घेतात? मौजेसाठी घेणारे आहेतच. पण मोठा वर्ग कष्टकऱ्यांचा आहे. रात्रभर गाडी हाकणारा चालक, ओझी वाहणारा हमाल, शेतात वाकून राबणारा मजूर यांना दुखणे दाबणारी आणि वर हुशारी देणारी गोळी म्हणजे जास्तीची दिवसभराची मजुरी असते. इतर अफूवर्गीय औषधांनी गुंगी येते, हिने कामाला हुरूप येतो असा अनुभव सांगितला जातो. ज्या गुणासाठी कष्टकरी ही गोळी निवडतो, त्याच गुणात तिचा सर्वांत मोठा धोका आहे. कॅमेरूनच्या उत्तर भागात तर शेतकरी उन्हातान्हात नांगराला जुंपलेल्या बैलांनाही ट्रामाडॉल देतात. 2013 मध्ये तिथल्या एका झाडाच्या मुळात हे द्रव्य सापडले, तेव्हा निसर्गच ट्रामाडॉल बनवतो असा निष्कर्ष काढला गेला होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की गुरांच्या मलमूत्रातून ते माती-पाण्यात आणि तिथून मुळांत उतरले होते. त्या भागात या गोळीचा वापर किती खोल मुरला आहे, हे यावरून कळते.

पश्चिम आफ्रिकेत पोचणाऱ्या या गोळ्यांचा मोठा हिस्सा भारतातून जात होता. त्यांत 225 आणि 250 मिलिग्रॅमच्या गोळ्याही होत्या, ज्या कोणत्याही शिस्तीच्या उपचारात बसत नाहीत. भारताने 26 एप्रिल 2018 रोजी ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले. त्यानंतर बाजार टॅपेन्टाडॉल या त्याच्या भावंडाकडे वळला. ते त्या अधिसूचनेत नव्हते, आणि आकडीचा इशारा त्यालाही लागू आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीच्या शोधपत्रकारितेतून मुंबईतील एका कंपनीचे प्रकरण पुढे आले. टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचे मिश्रण आफ्रिकेत पाठवले जात होते. कॅरिसोप्रोडॉलची सवय लागते, ते अचानक सोडल्यास आकडीचा धोका असतो, आणि युरोपच्या औषध नियामकांनी 2007 मध्येच ते बाजारातून काढण्याची शिफारस केली होती. बातमीनंतर केंद्र व राज्याच्या यंत्रणांनी पालघर जिल्ह्यातील कारखान्यावर छापा घातला आणि या मिश्रणाच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी काढून घेण्यात आली. पश्चिम आफ्रिकेतल्या तरुणांना घातक ठरणारी गोळी महाराष्ट्रात बनत होती आणि ती थांबवायला परदेशी वाहिनीची चित्रफीत लागली, याचे दुःख वाटते.

देशातली स्थितीही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 10 ते 75 वयोगटातील 0.96 टक्के लोक औषधी ओपिऑइडचा बिगरवैद्यकीय वापर करतात असा अंदाज होता. अफूच्या थेट वापरापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. ओपिऑइडमुळे उपचाराची गरज निर्माण झालेल्यांची संख्या मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचेही नाव होते.

निदान चुकले की काय होते? औषधाने आलेल्या एका आकडीवर अपस्माराचा शिक्का बसतो, वर्षानुवर्षे आकडीविरोधी गोळ्या चालू राहतात आणि खरे कारण खिशातल्या पाकिटात तसेच राहते. आकडी पुन्हा येते, मग त्या गोळ्यांचीच मात्रा वाढवली जाते. समाज हा शिक्का सहजी पुसत नाही. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहाला बाध आणणारी बाब होती, ती 1999 च्या दुरुस्तीने वगळली गेली. स्थळ पाहताना मात्र ती आजही आडवी येते. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल थेट प्रश्न असतो, तेव्हा चालकाच्या पोटापाण्याचाच प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या टोकाला, खरोखर अपस्मार असलेल्या रुग्णाला ट्रामाडॉल दिले जाणे हीसुद्धा तितकीच गंभीर चूक आहे.

आकडी आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नये, हातात किल्ली कोंबू नये, तोंडात चमचा घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, भोवतालच्या टोकदार वस्तू हलवाव्यात आणि घड्याळ पाहावे. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, एकामागून एक आले किंवा श्वास मंद वाटला तर 108 वर फोन करावा. गोळ्यांचे रिकामे पाकीट सापडले तर ते रुग्णालयात सोबत न्यावे. डॉक्टरला त्याची मोठी मदत होते.

हे सगळे पाहिल्यावर सरसकट बंदीची मागणी मनात येणे स्वाभाविक आहे. आम्हाला ती मान्य नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या धाकाने मॉर्फीन डॉक्टरांच्या हातून जवळजवळ सुटले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण कण्हत गेले. ती चूक सुधारायला 2014 ची कायदादुरुस्ती यावी लागली. शस्त्रक्रियेनंतरच्या आणि कर्करोगाच्या मध्यम वेदनेत ट्रामाडॉल आजही उपयोगाचे आहे. ठरलेल्या मात्रेत, इतर औषधांची चौकशी करून आणि ठरावीक दिवसांपुरते दिले तर बहुसंख्य रुग्णांना त्याने आकडी येत नाही. एका औषधाची जागा दुसरे कसे घेते, हे 2013 आणि 2018 नंतर आपण पाहिलेच आहे.

नवा कायदा करण्याआधी आहे तो पाळला जावा. ट्रामाडॉल 2014 पासून अनुसूची एच-1 मध्ये आहे. या वर्गातील औषध विकताना डॉक्टरचे, रुग्णाचे आणि औषधाचे नाव व संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे दुकानदाराला बंधनकारक आहे. अन्न व औषध प्रशासनाने घाऊक विक्रेत्याकडून दुकानात आलेला माल आणि वहीतून गेलेला माल यांचा मेळ घातला, तरी गळती कुठे आहे ते दिसेल. टॅपेन्टाडॉलवरही तेवढीच नजर हवी.

दुसरी अपेक्षा रुग्णालयांकडून आहे. नेहमीच्या अफू-चाचणीची पट्टी मॉर्फीनसदृश द्रव्ये ओळखते, ट्रामाडॉल ओळखत नाही. त्यामुळे अहवाल ‘निगेटिव्ह’ आला तरी संशय संपत नाही, स्वतंत्र चाचणी लागते. जिल्हा रुग्णालयांच्या अपघात विभागात ती उपलब्ध असावी, आणि पहिल्या आकडीच्या केसपेपरवर वेदनाशामकांचा रकाना छापलेला असावा. नातेवाइकांना क्षणभर बाहेर थांबवून, आवाज न चढवता विचारले तर तरुण मुले खरे सांगतात.

तरीही काही जण पोलिसांच्या भीतीने गप्प राहतात. तिथे डॉक्टरने त्यांना एनडीपीएस कायद्याचे कलम 64-अ सांगावे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर हे कलम त्याला खटल्यापासून संरक्षण देते. ट्रामाडॉलची सवय सुटण्याजोगी आहे. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवता येते, गरज पडल्यास जिभेखाली ठेवायच्या बुप्रेनॉर्फिनचा आधार देखरेखीखाली घेता येतो. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 या क्रमांकावर आहे. आकडी ओसरलेल्या रुग्णाला घरी सोडताना, मेंदूविकारतज्ज्ञाकडच्या पुढच्या तारखेबरोबर हा क्रमांक आणि जवळच्या सरकारी व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता कागदावर लिहून द्यायला कोणत्याही नव्या आदेशाची गरज नाही.